तब्येत सुधारलेला पाइप

पंगतीत शेजारी बसलेल्या माणसानं "सध्या काय चालू हाय?" असं विचारलं की मी जरा घाबरतो. इंजिनियरिंग कॉलेजात शिकवतो, इथवर ठीक असतं. पण परभणीत तेवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. पीएच.डी. चालू आहे म्हटलं की लगेच, कशात? मग वरण-भात निवत असताना मला सांगावं लागतं, की स्टेनलेस स्टीलचा पाइप एकाच वेळी गंजायला आणि घासायला लागला तर त्याचं किती नुकसान होईल हे गणितानं आधीच सांगायचं, असा माझा विषय आहे. शेजारचा थोडा वेळ विचार करतो आणि म्हणतो, स्टेनलेस गंजत नसतंय की. एका लग्नात तर एका काकांनी पाण्याचा पेला माझ्या नाकासमोर धरला. त्यांच्या लग्नात आलेला तसला पेला घरात अजून आहे, म्हणाले, आणि आज लेकीचं लग्न लागलं. एवढा पुरावा समोर होता. मी जिलबी घेतली.

काकांचं पूर्ण चूक नव्हतं. स्टेनलेसच्या अंगावर डोळ्याला न दिसणारी एक पातळ साय असते, दुधावर धरते तशी. ओरखडा उठला तर ती पुन्हा लगेच धरते. त्या सायीच्या जिवावर स्टेनलेस मिरवत असतं. काकांच्या पेल्यातून आयुष्यभर पाणी आणि फार तर ताक गेलं, म्हणून साय टिकली. पण त्याच पेल्यातून वाळू मिसळलेला आंबट रस सतत जोरात वाहू दिला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. वाळू साय खरवडते. नवी धरायच्या आत आंबट रस खालच्या धातूचा घास घेतो. घास घेतलेली जागा खडबडीत होते, खडबडीत जागी प्रवाह भोवरे घेतो, आणि वाळू तिथं आणखी जोरानं घासते. एकटी वाळू किती खाईल ते मोजा, एकटा आंबटपणा किती खाईल ते मोजा, दोन्हींची बेरीज करा. प्रत्यक्षात पाइप त्या बेरजेपेक्षा जास्त झिजलेला निघतो. हा वरचा जास्तीचा हिस्सा आधी सांगता यावा, एवढ्यासाठी मी कितीतरी वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून काढली.

बायकोला मी हे वेगळ्या पद्धतीनं सांगितलं होतं. म्हटलं, मी एकटा जेवायला बसलो तर किती खातो तुला माहीत आहे. तुझा भाऊ एकटा बसला तर किती खातो तेही माहीत आहे. आता आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो तर? ती म्हणाली, "तेव्हा आईला पुन्हा कणीक मळावी लागती." म्हणजे तिला विषय समजला. हेच माझ्या मार्गदर्शकांना पटवायला मला अख्खं प्रकरण लिहावं लागलं होतं.

हा तिचा भाऊ म्हणजे माझा थोरला मेहुणा. आमच्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात तो देखभालीचा इंजिनियर आहे. कुठल्या ते सांगत नाही, कारण या गोष्टीत कारखान्याचा दोष फारसा नाही आणि माझा पुष्कळ आहे. माझी सासुरवाडी मानवतची. मेहुणा तिथून रोज मोटरसायकलनं कारखान्यावर जातो. माझ्या विषयाचं नाव ऐकल्यावर "गंजत नसतंय की" असं न म्हणणारा तो पहिला माणूस. त्यानं सरळ विचारलं, "दाजी, आमचा कच्च्या रसाचा पाइप पाहता का?"

मी पाहिला आणि माझे डोळे भरून आले. ऊस पिळल्यावर निघणारा कच्चा रस पंपानं पुढं ढकलतात, तो हा पाइप. रस थोडा आंबट. त्यात उसाच्या बुडख्याबरोबर आलेली शेतातली माती, वाळू आणि बारीक भुसा. पाइप स्टेनलेसचा, पातळ पत्र्याचा, कारखान्याचं नूतनीकरण झालं तेव्हा नवा टाकलेला. माझ्या गणिताला जे जे लागतं ते सगळं तिथं आयतं वाहत होतं. पंपाच्या पुढं पाइप काटकोनात वर वळत होता. त्या वळणाला तिथं सगळे बेंड म्हणतात. रस वळतो, पण वाळूला वळता येत नाही, ती सरळ जाऊन बेंडच्या पाठीवर आदळते. पाइप कुठं फुटायचाच असेल तर तिथं फुटणार.

मग दर दिवाळीच्या सुट्टीत, गाळप सुरू व्हायच्या तोंडावर, मी कॉलेजचं जाडी मोजायचं यंत्र पिशवीत घालून मानवतची एसटी पकडायला लागलो. यंत्र म्हणजे मोबाईलएवढी एक डबी आणि वायरनं जोडलेलं एक बोंडूक. बोंडूक पाइपावर टेकवायचं. ते आत बारीक आवाज सोडतं, तो पाइपाच्या आतल्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून डबी जाडी सांगते. पाइप कापायला नको की भोक पाडायला नको. फक्त बोंडूक आणि पाइप यांच्यात हवा राहू नये म्हणून मधे जेल लावावं लागतं. पहिल्याच वर्षी ती जेलची बाटली मी परभणीला विसरलो. सासुरवाडीच्या आरशाखालच्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली होती, ती उचलली. सासूबाईंनी तेल कशाला असं विचारलं, मी पाइपाला लावायला म्हणालो. त्यांनी बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत.

त्या काही बोलल्या नाहीत हे लक्षात ठेवा. सासुरवाडीत जावयाला कुणी उलट विचारत नसतं. मी चहात मीठ घालून दिलं असतं तर त्या घरानं तो पिऊन वर आज चहा फक्कड झाला म्हटलं असतं. मेहुणा माझ्याहून वयानं मोठा, कामातला अनुभव माझ्या दुप्पट, पण बहीण दिलेल्या घरचा म्हणून मी दाजी. कारखान्यात मी पाइपाजवळ उभा राहिलो की तो माझ्यासाठी ऑफिसातून खुर्ची मागवायचा. बेंडच्या पाठीवर बोंडूक टेकवायला मला वाकावं लागतं, खुर्चीवर बसून ते होत नाही, पण खुर्ची यायची. मी तिच्यावर पिशवी ठेवायचो.

आता आकडे. पहिल्या वर्षीचे आकडे ठीकठाक आले. दुसऱ्या वर्षी सरळ पाइपाचे आकडे आदल्या वर्षीपेक्षा थोडे जास्त आले आणि बेंडचे तेवढेच राहिले. तिसऱ्या वर्षी सरळ पाइप आणखी थोडा जाड. दर साली अख्खा हंगाम वाळू आणि आंबट रस पिऊन माझ्या पाइपाची तब्येत सुधारत होती.

शहाण्या माणसानं इथं थांबून चूक शोधली असती. मीही शोधली, नाही असं नाही. यंत्राबरोबर माहीत असलेल्या जाडीचा एक पोलादी ठोकळा मिळतो, त्यावर बोंडूक टेकवून पाहिलं. ठोकळ्याची जाडी डबीनं बिनचूक सांगितली. बॅटरी बदलली. पुन्हा बिनचूक. म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. यंत्र खरं, मोजणारा मी, म्हणजे आकडे खरे. मग उरलं काय? निसर्गाचा एक नवा नियम. तो माझ्या वाट्याला यावा याचं मला फारसं आश्चर्यही वाटलं नाही.

मी त्याचं नाव ठेवलं पुनर्भरण. कारखाना बंद असताना पाइपात राहिलेल्या रसातला मेणचट भाग, चुना, माती असं काहीबाही आतून चिकटून वाळत असावं आणि त्याचा कठीण थर बसत असावा, असं ते स्पष्टीकरण. समीकरणात त्याच्यासाठी एक नवी संज्ञा घातली आणि तिला एक ग्रीक अक्षर दिलं. एकदा ग्रीक अक्षर दिलं की ती गोष्ट नाहीच असं म्हणायला जड जातं. मार्गदर्शकांनी पाहिलं आणि म्हणाले, नवीन आहे, जपून पुढं जा. त्यातलं मी नवीन आहे एवढंच ऐकलं. एका चर्चासत्रात ते मांडलंसुद्धा. मागच्या रांगेतून कुणीतरी उठून विचारलं, की पाइप असाच भरत गेला तर काही वर्षांनी रसाला जायला जागा उरणार नाही, त्याचं काय. सभागृह हसलं. मी गंभीरपणे सांगितलं, की हे मॉडेल सुरुवातीच्या काही वर्षांपुरतंच लागू आहे. हे उत्तर त्या वेळी मला फार हजरजबाबी वाटलं होतं.

इथवर सगळं माझं एकट्याचं होतं. चुकलं असतं तरी एक ग्रीक अक्षर वाया गेलं असतं. पण गेल्या साली गणपतीच्या सुमारास मेहुण्याचा फोन आला. कारखान्याच्या स्टोअरमध्ये नवा बेंड येऊन पडला होता, आणि गाळपाआधी जुना काढून तो बसवावा असं त्याच्या मनात होतं. पण मुख्य इंजिनियरांनी त्याला विचारलं होतं, गरज आहे का? कापणं, वेल्डिंग, तपासणी, आणि त्या वेल्डरांना दुसरीकडं डोंगराएवढं काम. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमचं गणित काय म्हणायलंय?"

मी लॅपटॉप उघडला, मॉडेल चालवलं. झीज वजा पुनर्भरण. आकडा छान आला. मी ऐटीत सांगितलं, की आणखी दोन हंगाम खुशाल चालवा.

तो जरा थांबला. मग म्हणाला, बरं दाजी.

त्या थांबण्याचा अर्थ मला पुढं कळला. तेव्हा मला वाटलं, मानवतला रेंज गेली.

त्यानं मुख्य इंजिनियरांना सांगितलं, दाजींनी मोजलंय, बेंड राहू द्या, जबाबदारी माझी. ही जबाबदारी म्हणजे काय हे ऊसवाल्या मुलखात सांगायची गरज पडत नाही, तरी सांगतो. गाळप चालू असताना कच्च्या रसाचा पाइप फुटला की मिल थांबते. दाराशी तोडलेल्या उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि तोडलेला ऊस वाळत असतो. अशा वेळी चेअरमनपासून गाडीवानापर्यंत सगळे एकच विचारतात, कुणामुळं? आणि त्याच साली मेहुण्याचं नाव बढतीसाठी पुढं गेलेलं होतं. बायकोनं हे मला दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा पाइपाची तब्येत चांगली आहे असं उत्तर दिलं.

कार्तिकात मोळीपूजन आलं. हंगामाची पहिली मोळी म्हणजे उसाची पहिली जुडी मुहूर्तावर गव्हाणीत, म्हणजे मिलकडं ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, टाकतात, ते हे पूजन. खरं गाळप त्यानंतर तोडणीच्या टोळ्या पोचल्या की सुरू होतं. मी सहकुटुंब निमंत्रित होतो. अंगात धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीनं शिवलेला सिल्कचा शर्ट, मोतिया रंगाचा. कारखाना तर नवरदेवासारखा नटला होता. झेंडूच्या माळा, झाडलेलं आवार, पाण्याचा सडा, आणि आत सगळं कसं चकचकीत.

भाषणं सुरू झाल्यावर मी हळूच आत सटकलो. पाइपाला भेटून यावं म्हटलं. आत अंधुक होतं आणि कुणी नव्हतं. ज्याच्या जिवावर आपण डॉक्टर होणार आहोत त्याला टेकून उभं राहण्यात एक वेगळंच सुख असतं. मी बेंडच्या पाठीला पाठ लावून ते सुख बऱ्यापैकी घेतलं. बाहेर टाळ्या वाजल्या तेव्हा परतलो आणि प्रसादासाठी सगळ्यांच्या पुढून चालत गेलो.

माझ्यामागं एक खसखस सरकत येत होती. मी वळलो की समोरचे गंभीर व्हायचे आणि मागचे हसायचे. शेवटी बायको आली आणि माझा दंड धरून मला एका खांबाआड नेलं. माझ्या पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, एक ठसठशीत चंदेरी अर्धचंद्र उमटला होता.

पेंटर धावत आला. त्याला वाईट वाटलं होतं, पण आपल्या कामाचा अभिमान त्याहून जास्त होता. थिनरचा बोळा माझ्या पाठीवर दाबत तो म्हणाला, "साहेब, दर साली दोन हात मारतो. औंदा तीन मारले. कसं चकाकायलंय पाहा."

मी पाहिलं. खरंच चकाकत होतं. आणि आता शर्टाचं काय, याच्यापलीकडं माझ्या डोक्यात एक विचार आला असेल तर शपथ.

तो विचार आला मानवतला, जेवताना. पुरणपोळी होती. बायकोनं शर्ट रॉकेलमध्ये भिजवला होता आणि मेहुण्याच्या ढगळ शर्टात मी पाटावर बसलो होतो. तूप पोळीवर पसरताना मी पाहत होतो. तुपाचा थर, त्याखाली पोळी, त्याखाली पुरण. बोट वरून टेकवलं तर खालच्या पोळीची जाडी कळणार कशी? आणि माझा घास हातातच राहिला.

दर साली दोन हात.

रंगातून आवाज पोलादापेक्षा कितीतरी सावकाश जातो. डबीला मधे रंग आहे हे माहीत नसतं. रंगात गेलेला सगळा वेळ ती पोलादाच्या नावावर टाकते, म्हणजे रंगाचा कागदाएवढा थर तिला दुप्पट-तिप्पट जाड पोलाद वाटतो. दर वर्षी दोन हात, जुन्यावर नवे. आणि मी दर वर्षी दिवाळीत, म्हणजे पूजेच्या तोंडावर, म्हणजे ताज्या रंगावर बोंडूक टेकवत आलो होतो. ठोकळ्यावर यंत्र बिनचूक बोलत होतं, कारण ठोकळ्याला कुणी रंग दिला नव्हता. स्टेनलेसला रंग देत नाहीत हे मी वर्गात शिकवतो. म्हणूनच त्याला रंग दिलेला असेल हे मला कधी सुचलं नाही. पाइप चंदेरी आहे, स्टेनलेस चंदेरी असतं, संपलं.

मी घास ताटात ठेवला.

जावयानं जेवता जेवता हात थांबवणं ही आमच्याकडं मोठी गोष्ट आहे. सासूबाई आतून तुपाचं भांडं घेऊन आल्या. जावईबापू, पोळी बदलून देऊ का, म्हणाल्या. मी नको म्हणालो. ते अजूनच वाईट दिसलं. त्यांनी मेहुण्याकडं पाहिलं आणि मेहुणा माझ्यासमोर येऊन बसला.

मी विचारलं, "पाइपाला रंग कधीपासून देताय?"

"चुकलं दाजी. रंग ओला हाय म्हणून पाटी लावायला सांगितलं होतं मी. त्यानं लावली न्हाई."

"शर्टाचं राहू द्या. मागच्या साली दिला होता?"

"दर साली देतो की. पूजेला पाहुणे येतात."

"स्टेनलेसला?"

"बाकीच्या रंगवलेल्या पाइपांत तेवढाच काळपट दिसतोय, दाजी. डोळ्यावर येतोय."

म्हणजे न गंजणारा, न रंगवायचा, मुळात चकचकीत पाइप इतरांच्या बरोबरीनं चकाकावा म्हणून दर साली रंगवला जात होता. मी कपाळाला हात लावला. पुरणाचा हात. सासूबाईंना वाटलं, आता जावई उठतो. त्या घाईघाईनं म्हणाल्या, की उद्याच्या उद्या नवा शर्ट शिवायला टाकू, त्याच कापडाचा.

बायको दारात उभी होती. तिनं मला नीट पाहिलं आणि आईला म्हणाली, "हे रुसले न्हाईत आई. ह्यांचं काहीतरी चुकलंय. चुकलं की हे असे बसतात."

मग मी सगळं सांगितलं. मेहुणा उठला, हात धुतले आणि मोटरसायकलची किल्ली घेतली, मी यंत्राची पिशवी.

दुपारी कारखान्यात सामसूम होती. पाहुणे गेले होते, मांडव सोडायचं काम चाललं होतं. मेहुण्यानं थिनर आणि पटाशी आणली, माझ्यासाठी खुर्चीही. बेंडच्या पाठीवरचा रंग आम्ही दोघांनी मिळून खरवडला. ताज्या थराखाली जुना, त्याखाली त्याच्याही आधीचा, पापुद्रे सुटत होते. शेवटी तळहाताएवढी जागा उघडी झाली. करड्या रंगाचं, मंद, खरं स्टेनलेस. मी जेल लावलं. त्या वर्षी आठवणीनं आणलं होतं. बोंडूक टेकवलं.

डबीवरचा आकडा मी एकट्यानं वाचला आणि डबी त्याच्याकडं वळवली. मूळ जाडीतला जेमतेम तिसरा हिस्सा उरला होता.

तो खाली बसला. माझ्यासाठी आणलेल्या त्या खुर्चीवर, पहिल्यांदाच. म्हणाला, "मला वाटलं होतं दाजी. पाइप कसा काय जाड होईल, असं लय वाटलं होतं. फोनवर बोलायला तोंड उघडलं होतं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमाला कसं म्हणावं?"

मी त्याला रागावणार होतो. मग आठवलं, की हा माणूस माझ्यासाठी खुर्ची मागवायचा तेव्हा मला ते आवडायचं.

आता मुख्य इंजिनियरांना सांगायचं होतं. मेहुणा म्हणाला, तुमी घरी जा, मी सांगतो, अंदाज चुकला म्हणतो. अंदाज कुणाचा चुकला हे तो सांगणार नव्हता, ते मला दिसत होतं. घरचं माणूस पुढं करणार नाही, आणि बढतीच्या तोंडावर ते आपल्या अंगावर घेईल. मी नाही म्हणालो. तो म्हणाला बरं दिसत नाही. मी म्हणालो, पाठीवर चंद्र घेऊन अख्ख्या कारखान्यापुढून चाललोय, आणखी काय बरं दिसायचं राहिलंय. हे त्याला पटलं असावं, कारण तो हसला.

मुख्य इंजिनियर ऑफिसात होते. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रंग, आवाज, डबी, ग्रीक अक्षर. ग्रीक अक्षराची काही गरज नव्हती, पण कबुली एकदा सुरू झाली की मला आवरत नाही. मेहुण्यानं बेंड बदलायला सुचवलं होतं आणि माझ्या सांगण्यावरून थांबवलं, हे मी मुद्दाम शेवटी सांगितलं, म्हणजे ते त्यांच्या लक्षात राहावं.

त्यांनी विचारलं, "म्हणजे पाइप जाड होत नव्हता."

"नाही."

"रंग होता."

"हो."

त्यांनी टेबलावरची डायरी जवळ ओढली. मला वाटलं आता सुरू होणार. त्यांनी मेहुण्याला विचारलं, टोळ्या कधी पोचायल्यात. दोन दिवस आहेत, तो म्हणाला. "मग बेंड आजच बाहेर काढा," ते म्हणाले. "जबाबदारी घेतली होती ना तुमी? वेल्डरजवळ तुमी सोता उभं राहा." आणि मग माझ्याकडं न पाहता, "आन् दाजींना खुर्ची द्या."

ती खुर्ची मी घेतली आणि बसलो. यापूर्वी इतक्या खाली मान घालून कुठल्याच खुर्चीत बसलो नव्हतो.

बेंड निघाला. तो जमिनीवर आडवा ठेवला आणि मी आत हात घातला. पुनर्भरणाचा पत्ता नव्हता. मेण, चुना, काही नाही. पाठीच्या बाजूला घोड्याच्या टापा उमटाव्यात तसे खळगे, एकात एक मिसळलेले, सगळ्यांची तोंडं प्रवाहाच्या दिशेनं. मी इतकी वर्षं कागदावर काढत आलो होतो अगदी तसे. एका ठिकाणी पत्रा इतका पातळ लागला की मी बोट मागं घेतलं. मेहुणाही वाकून पाहत होता. निम्मा हंगाम निघाला नसता, एवढंच बोलला.

घरी आल्यावर मी मॉडेलमधून ती संज्ञा काढून टाकली आणि पुन्हा चालवलं. उत्तर आलं, साधारण निम्मा हंगाम. मॉडेल पहिल्यापासून बरोबर बोलत होतं. मधे मी बोलत होतो. मार्गदर्शकांना फोन केला. ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, मी म्हणालो होतो ना, जपून. या वेळी मी पूर्ण वाक्य ऐकलं.

नवा बेंड बसला, टोळ्या आल्या, गाळप सुरू झालं आणि हंगाम पाइपाचं नावसुद्धा न निघता पार पडला. मेहुण्याच्या बढतीचं पत्र उन्हाळ्यात आलं. सासुरवाडीतली माझी इज्जत मात्र त्या दुपारपासून जी उतरली ती उतरलीच. मेहुणा आता जेवताना माझ्यासमोर सरळ म्हणतो, "न्हाई दाजी, हे चूक हाय." कांद्याच्या भावापासून माझ्या समीकरणांपर्यंत. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा सासूबाईंच्या हातातली पळी थांबली होती. आता थांबत नाही. आम्ही शेजारी बसून वाद घालत जेवतो आणि कणीक अजूनही दुसऱ्यांदा मळावी लागते.

या वर्षी त्याचा फोन दसऱ्यालाच आला. "दाजी, रंगाच्या आधी या." मी गेलो, जुना रंग खरवडून उघड्या स्टेनलेसवर मोजलं. शिवाय पुढंही कधी मोजता यावं म्हणून बेंडच्या पाठीवर आणि सरळ पाइपावर ठिकठिकाणी पेल्याच्या बुडाएवढ्या गोल जागा आखल्या आणि पेंटरला सांगितलं, एवढ्या सोडून रंगव. त्याला ते फार लागलं. चांगल्या कामात भोकं ठेवायची म्हणजे काय. पण मेहुण्यानं दम दिला आणि त्यानं त्या जागा सोडल्या.

मोळीपूजनाला पुन्हा गेलो, या वेळी जाड सुती शर्टात. भाषणं सुरू झाल्यावर आत सटकलो, खिशात यंत्र घेऊनच. चंदेरी पाइपावर त्या करड्या गोल जागा लांबून उठून दिसत होत्या. जवळ गेलो तर प्रत्येक गोलाच्या मधोमध हळदीकुंकू वाहिलेलं, त्यावर अक्षता, बेंडच्या पाठीवर तर झेंडूचं फूलसुद्धा. पूजेसाठीच जागा सोडलीय, असं कुणाला तरी वाटलं असणार, आणि त्याचं काही चुकलं असं मला म्हणवेना.

मागून मेहुणा आला. हातात ओलं फडकं होतं. तो फुलाकडं पाहून म्हणाला, "दाजी, आधी पुसून घ्या. न्हाईतर औंदा पाइप कुंकवानं जाड व्हायचा."

मी फूल उचलून खिशात ठेवलं. त्यानं जागा पुसली, मी जेल लावलं. आकडा दोघांनी एकदमच वाचला. दसऱ्याला होता तेवढाच होता.

खुर्ची आणलेली नव्हती.